बीपीची गोळी, कॅप्सूलचा डबा आणि मुळावरचा घाव

सकाळी सहा ते साडेसात या वेळात नाशिकमध्ये जेवढी वैद्यकीय चर्चा होते, तेवढी दिवसभरात दवाखान्यांतही होत नसेल. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक घ्या, गोल्फ क्लबचं मैदान घ्या, नाहीतर गंगापूर रोडवरचा कोणताही चहाचा कट्टा. हल्ली तिथे एकच विषय घोळतो. शुगर आहेच, आता बीपीही वाढलंय, डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय, तर ती सुरू करायची का? एक पक्ष म्हणतो, "काका, गोळीने नुसता आकडा दबतो. मूळ आहे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये. अँटिऑक्सिडंट सुरू करा, बीपी आपोआप खाली येईल." दुसरा पक्ष हे ऐकून उखडतो आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वगैरे सगळं कॅप्सूल विकणाऱ्यांनी काढलेलं थोतांड आहे, असं ठणकावतो. मग दोन्हीकडून व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ काढून दाखवले जातात, आवाज चढतात आणि त्या भरात दोघांचंही बीपी वाढत असणार.

वाद वाईट नाही, पण तो फार कच्चा चाललाय. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनचे मोडतोड करणारे कण शरीरात गरजेपेक्षा जास्त साचणं, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे त्या कणांना निष्प्रभ करणारे पदार्थ. हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस खरा आहे आणि मधुमेहात रक्तदाब वाढण्यात त्याचा हातही आहे, तेव्हा दुसऱ्या पक्षाचं 'थोतांड' टिकत नाही. मात्र बिघाड खरा आहे म्हणून त्यावर विकला जाणारा उपायही खरा, ही पहिल्या पक्षाची उडी मला मान्य नाही. शिवाय ज्या गोळीला 'वरवरची' म्हणून हिणवलं जातं, तीच मुळाच्या जास्त जवळ पोहोचते. प्रश्न कोणा एका काकांचा असता तर लिहायची गरज नव्हती. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. हे दोन आजार एकमेकांचा हात धरून येतात. घरातल्या कर्त्या माणसाला अर्धांगवायू झाला किंवा आठवड्यातून तीनदा डायलिसिसची वारी सुरू झाली की सगळं घर त्याला जुंपलं जातं. तेव्हा गोळी घ्यावी की न घ्यावी यावर सार्वजनिक ठिकाणी काय बोललं जातं, याचा हिशेबही सार्वजनिकच हवा.

आधी बिघाड समजून घेऊ. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू पाझरत असतो. त्याच्यामुळे वाहिनी सैल पडते, रक्ताला वाट मिळते. हे उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. रक्तात साखर जास्त झाली की पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांवर, इंधनाचा भडिमार होतो आणि त्यातून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा चिडका अवतार गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. मधुमेहात डोळे, मूत्रपिंडं आणि नसा बिघडतात त्यामागे हाच समान धागा असावा, अशी मांडणी मायकल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली होती. हा सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतो. वाहिनी सैल पडायची थांबते, कालांतराने तिची भिंतही ताठरते. त्यात मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात आणि अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक वाहिन्या आवळतं. हे अँजिओटेन्सिन नुसतं आवळून थांबत नाही. वाहिनीच्या भिंतीतलं एक एन्झाइम जागं करून ते आणखी सुपरऑक्साइड तयार करवतं. म्हणजे साखरेने सुपरऑक्साइड वाढतो, त्याने आणि मिठाने दाब वाढतो, आणि दाब वाढवणारं संप्रेरक पुन्हा सुपरऑक्साइडमध्ये भर घालतं. एवढं सगळं 'थोतांड' म्हणून झटकायचं तर बरीच पाठ्यपुस्तकं रद्दीत घालावी लागतील.

आता पहिल्या पक्षाच्या पदरात जे टाकायला हवं ते टाकतो. व्हिटॅमिन सी दिल्यावर रक्तदाब थोडा उतरतो असं छोट्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. वरचा आकडा सरासरी चारेक अंकांनी. ऑस्ट्रेलियात टाइप २ मधुमेहाच्या ३१ जणांना चार महिने रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी देऊन पाहिलं, तेव्हा जेवणानंतरची साखरही उतरली आणि बीपीही. हे २०१९ मध्ये छापून आलं. दुसरं, लोक डॉक्टरांवर चिडतात ते उगाच नाही. तीन मिनिटांत पेशंट उरकायचा, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा आकडा कागदावर लिहून जन्मभराची गोळी सांगायची आणि 'का' विचारलं तर 'सांगतो तेवढं करा' म्हणायचं. असं वागवलेला माणूस नीट समजावून सांगणाऱ्याकडे जाणारच. कॅप्सूलवाला खुर्ची देतो, अर्धा तास बोलतो, रंगीत चित्रं दाखवतो. त्याच्या चित्रातलं शास्त्र बहुतेक वेळा बरोबरही असतं. फसगत चित्राच्या खाली होते, जिथे किंमत लिहिलेली असते.

कारण गोळी आणि कॅप्सूल यांची शर्यत एकदा खरोखर लावली गेली आहे, आणि तीही त्याच माणसांवर. 'होप' नावाच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली आले. वय ५५ च्या पुढे आणि हृदयविकाराचा धोका मोठा असे साडेनऊ हजारांहून जास्त जण त्यात होते, पैकी साडेतीन हजारांहून जास्त मधुमेही. काहींना रॅमिप्रिल ही अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणारी बीपीची गोळी, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना दोन्हींच्या जागी नकली गोळी. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. साडेचार वर्षांनी कागद उघडले. रॅमिप्रिलने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून मधुमेहींमध्ये २५ टक्क्यांनी कमी केलं होतं. व्हिटॅमिन ईचा परिणाम शून्य. बरं, वेळ कमी पडली असेल म्हणून बऱ्याच जणांवर पुढेही लक्ष ठेवलं, तर २००५ मध्ये दिसलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट जास्त आहे. या अभ्यासातल्या सगळ्यांचं बीपी वाढलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. पण मग अँटिऑक्सिडंटवाल्यांची अडचण वाढतेच. मुळावर घाव घालणारं औषध कोणतं, हेच तर त्यांना पाहायचं होतं ना?

यावर ठरलेलं उत्तर येतं: व्हिटॅमिन चुकीचं निवडलं, डोस चुकला, नैसर्गिक नव्हतं. ठीक आहे. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांना ई, सी आणि बीटा-कॅरोटिन असं तिहेरी मिश्रण पाच वर्षं दिलं. २००२ मध्ये निकाल आला, फायदा काही नाही. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्यांवर बीटा-कॅरोटिन वापरून पाहिलं, तर १९९४ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. बाहेरून व्हिटॅमिन देण्याऐवजी शरीराची स्वतःचीच अँटिऑक्सिडंट यंत्रणा चेतवणारं बार्डोक्सोलोन नावाचं औषध मधुमेहाने मूत्रपिंडं बिघडलेल्यांना दिलं, तेव्हा हार्ट फेल्युअर एवढं वाढलं की २०१२ मध्ये चाचणी मधेच बंद करावी लागली. ट्रॅकवर चार फेऱ्या मारून घरी जाऊन सी आणि ईची गोळी घेणाऱ्यांसाठी तर जर्मनीतला २००९ चा एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. व्यायामाने इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागतं, पण ही दोन व्हिटॅमिन्स घेणाऱ्या तरुणांत तो फायदा दिसलाच नाही. व्यायामात तयार होणारे सुपरऑक्साइडसारखे थोडे मुक्त कण शरीराला निरोप देण्याचं काम करतात, आणि बाहेरून आलेली अँटिऑक्सिडंट्स तो निरोपच पुसून टाकतात.

असं का होत असावं? गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रामकुंडावर पाणी चढतं, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय आणि आपण घाटावर उभे राहून बादलीने ते उपसतोय, असा कॅप्सूलचा प्रकार आहे. सुपरऑक्साइड क्षणार्धात तयार होऊन क्षणार्धात नायट्रिक ऑक्साइडला गाठतो, तेही पेशीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात. पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे विखुरलेलं व्हिटॅमिन तिथे वेळेवर आणि पुरेसं पोहोचेल ही आशा भाबडी आहे. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या वर धरणाच्या दरवाजापाशी काम करतात. अँजिओटेन्सिनलाच अडवलं की ते एन्झाइम जागं होत नाही आणि सुपरऑक्साइडचा तो एक ओघ उगमापाशीच आटतो. साखर ताब्यात ठेवली की दुसरा ओघ आटतो. ज्यांना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची खरोखर काळजी आहे, त्यांनी तर या गोळीचा आग्रह धरायला हवा.

नाशिकचं म्हणून या वादाला एक खास वळण आहे, ते द्राक्षाचं. काळ्या द्राक्षाच्या सालीत रेसव्हेरेट्रॉल हे अँटिऑक्सिडंट असतं, रेड वाइनमध्ये ते उतरतं, म्हणून रोज एक ग्लास हृदयाला बरा, असं इथे शिकलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. सुपरमार्केटात वाइन विकू द्यायची की नाही यावरून २०२२ मध्ये राज्यभर गदारोळ झाला, तेव्हाही हा 'आरोग्याचा' मुद्दा मागच्या दाराने आत आलाच होता. उंदरांवरच्या गाजलेल्या प्रयोगात वजनाच्या दर किलोमागे रोज वीसेक मिलिग्रॅम रेसव्हेरेट्रॉल दिलं होतं. लिटरभर रेड वाइनमध्ये ते सहसा काही मिलिग्रॅमच असतं. साठ किलोच्या माणसाने तोच हिशेब लावला तर रोज शेकडो बाटल्या रिचवाव्या लागतील. शिवाय दारूने बीपी वाढतं, हे निर्विवाद. रेड वाइन आणि हृदय या विषयावर ढीगभर निबंध लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले दीपक दास यांच्या संशोधनात आकडे आणि चित्रं बनवण्याचे १४५ प्रकार विद्यापीठाच्या चौकशीत सापडले, तेही २०१२ मध्येच. लासलगावच्या कांद्यातल्या क्वेर्सेटिन या अँटिऑक्सिडंटचीही गत साधारण तीच: चाचण्यांतला डोस गाठायचा तर जेवणात कांद्याशिवाय दुसरं काही ठेवता येणार नाही. दिंडोरी-निफाडच्या बागाईतदाराचं पोट उत्तम द्राक्षावर चालावं, त्याला औषधाचा मुलामा कशाला?

'निसर्गाने वाढवलंय तर त्याला काही कारण असेल, जबरदस्तीने उतरवू नका,' हेही हमखास ऐकू येतं. हे नवं नाही. जॉन हे (Hay) या इंग्लिश डॉक्टरांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलं होतं की, रक्तदाब वाढलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका तो सापडण्यात असतो, कारण मग कोणीतरी मूर्ख तो उतरवायला जाणारच. अडलेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी दाब लागतोच, असं तेव्हाचे भले भले मानत होते. त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे धड औषधंच नव्हती. याच समजाच्या काळात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट जगले. मार्च १९४४ मध्ये त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३०० च्या वर होता. महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला, जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, आज जनऔषधी केंद्रात शंभराच्या आत महिनाभर मिळते तशी गोळी उपलब्ध नव्हती. आपल्याला ती आहे, आणि आपण जॉन हे यांचं वाक्य नव्याने शोधून काढतोय.

आणि 'तुम्हाला आपल्या वनस्पतींचं वावडं आहे' या आरोपाला तर मुंबईनेच उत्तर देऊन ठेवलंय. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, आकडे मोजून, १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले आणि जगाने ते वाचले. तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने माणसं वाचतात हे एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेत १९६७ मध्ये पहिल्यांदा निर्णायकपणे दाखवलं, त्या औषधांच्या मिश्रणात हे रेसर्पिन होतं. म्हणजे आपल्या मातीतल्या मुळीचा बीपीच्या आधुनिक उपचारात मोठा वाटा आहे. तो मिळाला कारण डॉ. वकील यांनी 'आजीच्या बटव्यातलं आहे' एवढ्यावर न थांबता मोजमाप केलं. पुढे तिचे दुष्परिणाम दिसले, बरी औषधं आली, ती मागे पडली. यात कोणाचा अपमान झाला? आवळा, गव्हांकुर, कारलं यांना याच दारातून आत यायला कोणाची हरकत आहे?

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज मूत्रपिंडांचा आहे. "गोळीने किडनी जाते." याचा उगम कुठे असावा हे मला कळतं. टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन, म्हणजे ज्यावरून मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज घेतात तो आकडा, थोडा वर गेलेला दिसू शकतो. रिपोर्टवर आकडा ठळक अक्षरात येतो, घरात घबराट होते, गोळी बंद. वास्तविक मूत्रपिंडाच्या गाळण्यांतला जास्तीचा दाब उतरल्याचं ते लक्षण असतं आणि साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात. पोटॅशियम तेवढं सोबत तपासायचं. मधुमेहाने मूत्रपिंडं बिघडलेल्या १,५१३ जणांवरच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोसार्टनने डायलिसिसपर्यंत पोहोचण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी केलं होतं. किडनी वाचवणारी गोळी किडनीच्या भीतीने बंद होते, आणि त्यामुळे घसरलेल्या किडनीचं खापर पुन्हा गोळीवरच फुटतं. गोळ्यांना दुष्परिणाम नाहीत असं कोण म्हणतंय? रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो, अ‍ॅम्लोडिपिन या दुसऱ्या बीपीच्या गोळीने पाय सुजतात. जुन्या मधुमेहात नसा मंदावल्या असतील तर उभं राहिल्यावर दाब एकदम पडून चक्कर येते, म्हणून अशा माणसाचं बीपी बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजलं पाहिजे. पण याचं उत्तर गोळी बदलण्यात आहे, सोडून देण्यात नाही. आणि उतरलेल्या आकड्याची किंमत काय? ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात मधुमेहींचा सरासरी रक्तदाब एका गटात १५४/८७ होता, दुसऱ्यात १४४/८२. एवढ्याशा फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला.

आहाराबद्दल मात्र पहिल्या पक्षाशी माझं फारसं भांडण नाही. फळं, भाज्या, डाळी, कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर देणाऱ्या 'डॅश' आहाराने १९९७ मध्ये उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा अकरा अंकांनी खाली आणून दाखवला. त्याचं श्रेय सालीतल्या अँटिऑक्सिडंटला द्यायची घाई नको, त्यात पोटॅशियम आहे, तंतू आहेत, कॅल्शियम आहे. पुढे त्याच आहारात मीठ कमी केलं तर आकडा आणखी उतरला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. अँटिऑक्सिडंटचा डबा संपवून रविवारी तर्रीवर दोनदा शेव, सोबत पापड आणि वर चिवडा, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? (मिसळ सोडा असं मी म्हणत नाहीये. नाशिकमध्ये राहायचंय मला.) किडनी बिघडली असेल तर मात्र नारळपाणी आणि फळांच्या रसाचा मारा पोटॅशियमच्या दृष्टीने धोक्याचा ठरू शकतो, हे रसाच्या गाडीवर कोणी सांगत नाही.

राहता राहिली सार्वजनिक बाजू. मधुमेह आणि उच्च रक्तदाब बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने निषिद्ध आहेत, हे दोन्ही आजार त्याच्या परिशिष्टात नावानिशी आहेत. फूड सप्लिमेंटच्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे. डबा उलटा करून, चष्मा लावून, बारकोडच्या आसपास पाहिलं की ते इंग्रजीत सापडतं. विकणारा तोंडाने जे सांगतो त्याच्या नेमकं उलट त्याच डब्यावर छापलेलं असतं. ते वाक्य मराठीत आणि डब्याच्या पुढच्या बाजूला, किमतीच्या आकाराच्या अक्षरात छापायला लावा, निम्मा वाद तिथेच मिटेल. दुसरं, राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच घेतले होते. तिथली पद्धत साधी आहे: ठरलेली दोन-तीन औषधं, ठरलेली पायरी, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात आणि जो आला नाही त्याला फोन. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात हे नेमाने चालवायला कोणतं नवं तंत्रज्ञान हवंय? सातपूर-अंबडच्या पाळीतून सुटणारा कामगार दवाखान्याच्या सकाळच्या वेळेत येऊ शकत नाही, त्याच्यासाठी संध्याकाळी दोन तास उघडे ठेवा. जॉगिंग ट्रॅकच्या गेटवर रसाच्या गाडीशेजारी एक टेबल, एक खुर्ची आणि तपासून घेतलेलं बीपीचं यंत्र ठेवा. पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीत ठेवून, न बोलता मोजा.

आणि ज्यांचा अँटिऑक्सिडंटवर खरोखर विश्वास आहे, त्यांच्यासाठी दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभं आहे. अ‍ॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी सगळी महाविद्यालयं एकाच छताखाली असलेलं विद्यापीठ आपल्याच गावात आहे. आवळ्याच्या रसाची, द्राक्षबियांच्या अर्काची, हव्या त्या कॅप्सूलची चाचणी तिथे मागा. नेहमीची गोळी चालू ठेवून अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना नकली अर्क, आणि दोन वर्षांनी आकडे. अर्क जिंकला तर त्याच्या बाजूने पहिला लेख मी लिहीन. मात्र ज्याचं बीपी आज १६० आहे, त्याने त्या निकालाची वाट पाहत गोळी थांबवू नये.